डाव्या भुवईची रजा

दातात दोरा धरून मम्मी जे काही बोलायची, ते अख्ख्या मुकुंदवाडीत फक्त कार्तिकीला कळायचं.

घराची पुढची खोली म्हणजे ‘रूपमंजुषा ब्युटी पार्लर’, मागच्या दोन खोल्या म्हणजे घर, आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. पडद्यापलीकडं मम्मी गिऱ्हाइकांच्या भुवया कोरत असायची. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा बोटांत, मान सारखी पुढं-मागं, आणि त्यातच तिचं ‘उउअ अंड अअ’ असं काहीतरी चाललेलं. गिऱ्हाईक बिचारं डोळे मिटून नुसतं हूं म्हणायचं. पडद्याअलीकडं गणितं सोडवत बसलेली कार्तिकी मात्र उठून गॅस बंद करून यायची, कारण तिला स्वच्छ ऐकू आलेलं असायचं, ‘कुकर बंद कर.’

म्हणून डिसेंबरातल्या त्या सकाळी मोरीतून मम्मीचा तसाच आवाज आला, तेव्हा वेणी घालता घालता कार्तिकी म्हणाली, “आधी दोरा काढ तोंडातला, मग बोल.”

दोरा नव्हताच. मम्मी ब्रश हातात धरून आरशापुढं उभी होती आणि चूळ भरलेलं पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळत होतं. चेहऱ्याची उजवी बाजू नेहमीची मम्मी होती. डावी बाजू जणू अजून झोपेतून उठलीच नव्हती. भुवई खाली आलेली, गाल सैल, ओठ उजवीकडं ओढलेले, आणि डोळा मिटायचं नाव घेत नव्हता.

पप्पा, म्हणजे गोकुळ, नुकतेच शेंद्र्याच्या कंपनीतून नाईट शिफ्ट करून आले होते. डबा खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. त्यांनी मम्मीला दोन्ही हात वर करायला लावले, घरातल्या घरात चालायला लावलं, तिचं नाव विचारलं. मम्मीनं वाकड्या तोंडानं सांगितलं, की लग्नाला सोळा वर्षं झालीत, आता नाव विचारताय. हातपाय ठीक आणि डोकं तर नेहमीपेक्षा जास्तच ठीक, हे बघून पप्पांनी डबा एकदाचा ओट्यावर ठेवला आणि करमाडला आजीला, म्हणजे मम्मीच्या आईला, फोन लावला.

वच्छलाबाई आजी म्हणजे फोनवरचं मोठं सरकार. लकवाच हाय, असं तिनं बघायच्या आधीच ठरवून टाकलं. परवा पोरगी डोक्याला काही न बांधता गाडीवर जालना रोडनं फिरली, वारं लागलं, दुसरं काय. मग एकामागून एक उपाय आले. पडेगावकडं एक जण जडीबुटी देतो. कबुतराचं गरम रक्त गालाला चोळलं तर तोंड जागेवर येतं. पप्पा मान हलवत ऐकत होते आणि खिडकीबाहेर विजेच्या तारेवर बसलेल्या कबुतरांकडं ज्या नजरेनं बघत होते, ती नजर कार्तिकीला अजिबात आवडली नाही.

मागच्या वर्षीची कार्तिकी असती तर दाराआड उभी राहून नखं खात बसली असती. पण ह्या वर्षी नववीत तिला शाळेच्या परिपाठात माइक मिळाला होता, आणि एकदा माइक हातात आल्यापासून तो नसतानाही ती माइकवर असल्यासारखीच बोलायची. तिनं पप्पांच्या हातातून फोन घेतला, आजीला गोडीत सांगितलं की कबुतरं आज सुट्टीवर आहेत, आणि ठेवून दिला. आधी डॉक्टर, मग बाकी सगळं, असं तिनं जाहीर केलं.

मम्मी मात्र पलंगावर बसून राहिली होती. डावा डोळा सकाळपासून गळतच होता. आता उजवाही भरला.

“लोकांचे चेहरे नीट करते मी,” ती म्हणाली. “माझंच तोंड असं असल्यावर माझ्याकडं कोण येईल? आणि तहरीमचं काय करू?”

तहरीम म्हणजे मागच्या गल्लीतल्या नजमुन्निसाचाचींची लेक. चाची ब्लाऊज शिवायच्या आणि मम्मी तेच ब्लाऊज घालणाऱ्या बायांच्या भुवया करायची, अशी दोघींची जुनी मैत्री. तहरीमची पहिली भुवई मम्मीनंच कोरली होती. तिचं लग्न जानेवारीत होतं, आणि तिनं सासरच्यांना बजावून ठेवलं होतं की मेकअप मंजूताईच करणार, नायतर मी तशीच बसेन स्टेजवर. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं. रूपमंजुषाला आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं काम होतं ते.

गल्लीतल्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, हातापायांची ताकद बघितली, आणि मेंदूचं काही दिसत नाही, चेहऱ्याची नस दिसतेय, असं सांगितलं. ही नस कानाच्या हाडातून जाते, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं आजच्या आज जा, उद्यावर टाकू नका, म्हणाले. त्यांनीच छावणी भागातल्या डॉक्टर ओवैस यांना फोन करून ठेवला. मम्मीनं लांबलचक स्टोल डोक्याभोवती असा काही घट्ट गुंडाळला की फक्त डोळे आणि नाक बाहेर राहिलं. पप्पांची गाडी, मध्ये कार्तिकी, मागं मम्मी. क्रांती चौकातल्या सिग्नलला एक पोलीस तिघांकडं बघून शिट्टी तोंडाशी न्यायला लागला, पण स्टोलमधून गळणारा डोळा बघून त्यानं नुसता हात हलवला.

डॉक्टर ओवैस म्हणजे हसऱ्या डोळ्यांचा, हळू आवाजाचा माणूस. त्यांनी मम्मीला कपाळाला आठ्या घालायला सांगितलं. उजव्या बाजूला आठ्या पडल्या, डावी बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. डोळे मिटा म्हटलं तर डावी पापणी अर्ध्यात थांबली. हसा म्हटलं तर मम्मी हसलीच नाही. मग त्यांनी विचारलं, जेवणाची चव कशी लागते. ह्याचं उत्तर पप्पांनी दिलं, की दोन दिवसांपासून वरणात मीठ जास्त पडतंय, पण घरात शांतता राहावी म्हणून मी काही बोललो नव्हतो. आवाजाचा त्रास होतो का, ह्यावर मम्मी म्हणाली, व्हय, कुकरची शिट्टी कानात खिळा मारल्यासारखी लागते. उभं राहिलं की जरा गरगरतंही.

“कान दुखतो?”

“थोडा. थंडी हाय ना.”

“कानाला किंवा आजूबाजूला पुरळ, फोड, असं काही?”

“नाय,” मम्मी म्हणाली, आणि स्टोल जरा आणखी पुढं ओढला.

कार्तिकी खुर्चीत ताठ झाली. कारण तिला माहीत होतं.

गोष्ट अशी होती. केसांना रंग लावायच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कानामागं रंगाचा एक ठिपका लावायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं, हा मम्मीचा धर्म. खाज आली तर तो रंग त्या बाईला चालत नाही. कितीही ओळखीची बाई असो, कितीही घाई असो, पॅच टेस्टशिवाय मम्मी ब्रशला हात लावायची नाही. मागच्या आठवड्यात सुदर्शन नावाचा माल पोचवणारा नव्या कंपनीचा रंग घेऊन आला, आणि मम्मीनं रिवाजाप्रमाणं पहिला ठिपका स्वतःच्याच डाव्या कानामागं लावला. दोन दिवसांत कान आगीसारखा भाजायला लागला आणि बारीक बारीक फोड आले. मम्मीनं रंगाचा अख्खा बॉक्स कचऱ्याच्या गाडीत टाकला, सुदर्शनला फोनवर असं धुतलं की तो बिचारा त्या आठवड्यात गल्लीकडं फिरकला नाही, आणि कान केसांखाली झाकून टाकला. पार्लरवालीलाच रंगानं फोड आले, हे बायकांना कळलं तर कोण येईल रंगवायला? कार्तिकीनं वेणी घालताना ते बघितलं, तर तिला शपथ घातली होती. कुणाला सांगायचं नाय. पप्पांनासुद्धा नाय.

आता एकीकडं ती शपथ आणि मम्मीचा स्टोल, एकीकडं डॉक्टरांचं पेन, जे कागदावर काहीतरी लिहायला लागलं होतं. पेन ओळीच्या शेवटापर्यंत आलं आणि कार्तिकी उभी राहिली, थेट परिपाठातल्यासारखी.

“डॉक्टर, मम्मी खोटं बोलतेय. तिच्या कानाला फोड आहेत.”

मम्मीनं अर्ध्या चेहऱ्यानं जे डोळे वटारले, ते पूर्ण चेहऱ्यानं वटारण्यापेक्षा भारी होते. पण डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं होतं. स्टोल निघाला. मम्मीनं मान खाली घालून पॅच टेस्टची सगळी कहाणी सांगितली, आणि ती गंभीरपणे ऐकून घेत डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली. बराच वेळ बघत राहिले. मग तोंड उघडायला लावून टाळूही बघितला.

“ताई, रंग कुठं लावला होता?”

“कानामागं.”

“कानाच्या आत?”

“आत कोण लावतं?”

“तेच म्हणतोय मी. फोड तर आत आहेत, भोकाच्या तोंडाशी. आणि दोन टाळूलाही आहेत. तिथं तर तुम्ही टेस्ट केली नसणार.”

मम्मीचा हात कानाकडं गेला. कार्तिकीला मात्र उत्तर कळायच्या आधीच प्रश्न कळला होता. रंगाचा काही दोषच नव्हता.

लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं. मम्मीला आठवेना, म्हणून पुन्हा करमाडला फोन लागला, आणि ह्यावेळी स्पीकरवर. आजीनं एका दमात सांगितलं, की मंजू दुसरीत असताना अंगभर कांजिण्या, लिंबाच्या पाल्यावर निजवली होती, नखं बांधून ठेवली होती तरी नाकावरची एक खपली काढलीच तिनं, खड्डा बघा अजून हाय. डॉक्टरांनी खरंच वाकून तो खड्डा बघितला.

मग त्यांनी समजावलं. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. नसांच्या मुळाशी जाऊन झोपून राहतो, वर्षानुवर्षं. कधी दमणूक झाली, जागरण झालं, अंगातली ताकद जरा कमी पडली, की उठतो. कमरेशी उठला की लोक त्याला नागीण म्हणतात. मम्मीचा कानाजवळच्या नसेत उठला होता. चेहरा हलवणारी नस तिथल्याच एका अरुंद हाडाच्या बोळातून जाते. ती सुजली, बोळात दाबली गेली, आणि अर्धा चेहरा बंद पडला. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस तिच्या शेजारीच, म्हणून कुकरची शिट्टी आणि गरगर.

“नागीण कमरंला येटोळं घालती,” स्पीकरवरून आजी म्हणाली. “कानात कशाला जाईल?”

“हिला रस्ता चुकला, आजी,” डॉक्टर म्हणाले.

पण पुढं ते जरा गंभीर झाले. नुसता चेहरा बंद पडला असता तर त्यांनी फक्त सूज उतरवायच्या गोळ्या दिल्या असत्या, कागदावर तेच लिहीत होते. फोड दिसले म्हणून आता विषाणू मारायच्या गोळ्याही हव्यात, आणि ताबडतोब हव्यात. पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केल्या तर नस वाचायची शक्यता पुष्कळ वाढते. चेहरा कितपत परत येईल ते आज सांगता येणार नाही. बहुतेक येईल, हळूहळू येईल, थोडं कमी-जास्त राहूही शकतं. सूज उतरवायच्या गोळ्यांनी रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून तीही त्यांनी तिथंच तपासली. फोडांवर खपल्या धरेपर्यंत पार्लर बंद ठेवायचं, कारण ज्यांना कांजिण्या आल्या नाहीत त्यांना ह्या फोडांतल्या पाण्यानं त्या येऊ शकतात.

निघताना त्यांनी कार्तिकीकडं बोट दाखवून विचारलं, ही कितवीत आहे. मम्मी म्हणाली, नववीत, आणि घरी गेल्यावर हिचं बघते मी. पण म्हणताना तिनं कार्तिकीचा हात धरला तो छावणीपासून मुकुंदवाडीपर्यंत सोडला नाही.

मग सुरू झाली औषधांची वरात. विषाणूच्या गोळ्या दिवसातून इतक्या वेळा, की पप्पांच्या मोबाइलचा गजर घरातला चौथा माणूस झाला. सकाळी सूज उतरवायच्या गोळ्या. दिवसभर डोळ्यात थेंब, कारण मिटत नसलेला डोळा कोरडा पडला तर बुबुळाला जखम होते. झोपताना मलम आणि वरून चिकटपट्टी. ती पट्टी लावायचं काम कार्तिकीचं. पापणी बोटानं अलगद खाली घ्यायची, पट्टी आडवी लावायची, आणि वर पप्पांनी म्हणायचं, झालं बाई पॅकिंग, उद्या उघडू.

सुदर्शनलाही फोन करावा लागला. मम्मीनं दोन दिवस टाळलं, तिसऱ्या दिवशी केला. तिचं बोलणं त्याला नीट समजेना, म्हणून कार्तिकीनं मध्ये बसून एकेक वाक्य उलगडून सांगितलं. सुदर्शन सगळं ऐकून म्हणाला, ताई, माफीचं राहू द्या, पण रंग चांगला होता हे जरा बाकीच्या पार्लरवाल्यांनाही सांगा, मी त्यांच्याकडचा पण परत घेतलाय.

सगळं बरं चाललं होतं, फक्त मम्मी आरशासमोर जात नव्हती. पार्लरमध्ये तीन आरसे, तिन्हींवर तिनं टॉवेल टाकले. खपल्या धरल्या, गळूनही गेल्या, डॉक्टरांनी पार्लर उघडायला हरकत नाही असं कळवलं, तरी शटर बंद. कुणी फोन केला की कार्तिकीनं सांगायचं, मम्मी गावाला गेलीय. तहरीमचे फोन तर मम्मी उचलायचीच नाही. शेवटी एका संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, की तहरीमला दुसरी पार्लरवाली बघायला सांग. मेकअप एकवेळ करीन मी. पण अर्धं तोंड बंद असताना दोरा कसा धरू? भुवया नीट नसल्या तर वरच्या मेकअपला काय अर्थ?

कार्तिकीनं मान हलवली आणि तहरीमला काहीच कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणीला छावणीत गेल्यावर डॉक्टरांनी पुन्हा तोच पाढा घेतला. आठ्या घाला. नाही. डोळा मिटा. जरा बरं, पण नाही. गाल फुगवा. हवा डावीकडून निसटली. मग त्यांनी दोन्ही हात मम्मीच्या जबड्यावर ठेवले आणि म्हणाले, दात घट्ट चावा.

“वा,” ते म्हणाले. “पकड एकदम पक्की.”

कार्तिकीनं विचारलं, तोंड बंद पडलंय तर पकड पक्की कशी? डॉक्टर म्हणाले, ओठ हलवणारी नस वेगळी आणि जबडा चावणारी वेगळी. चावायची नस ह्या भानगडीत नव्हतीच कधी. म्हणून तर ताई भाकरी खाऊ शकतात, फक्त घास गालात अडकतो.

मम्मी आणि कार्तिकीनं एकमेकींकडं बघितलं.

घरी पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी कार्तिकीनं दोऱ्याचं रीळ काढलं आणि जाऊन पार्लरच्या खुर्चीत आडवी पडली. भुवया करून घ्यायला तिला अजून परवानगी नव्हती, दहावीनंतर असं ठरलेलं होतं. मम्मी म्हणाली, उठ. कार्तिकी म्हणाली, मला जास्तीचे चार केस आहेत नाकाच्या वर मध्ये, तेवढेच काढ, ही काही भुवई नाय. मम्मीनं दोरा दातात धरला. पहिल्यांदा लाळ ओघळली आणि दोरा सटकला. दुसऱ्यांदा तिनं रुमाल खांद्यावर टाकला आणि दोरा उजवीकडच्या दाढांखाली घेतला. बोटं फिरली, मान मागं गेली, आणि कार्तिकीच्या डोळ्यांतून खळ्ळकन पाणी आलं. चारही केस गेले होते. पाचवाही, जो ठरला नव्हता.

पडद्यातून डोकावणाऱ्या पप्पांनी विचारलं, माझ्या कानावरचे काढतेस का. मम्मी हसली. हसू उजवीकडंच गेलं, पण गेलं लांबपर्यंत.

तहरीम स्वतःच आली, लग्नाच्या आठवड्यात, हळदीच्या वासासकट. मम्मी गावाला गेलीय हे तिनं एक दिवससुद्धा मानलं नव्हतं, फक्त अम्मीनं थांब म्हटलं म्हणून थांबली होती. मम्मी पाठमोरीच बोलायला लागली, की बघ तहरीम, माझा चेहरा असा झालाय, लग्नात तुझ्या सासरच्या बायका काय म्हणतील, नवरीला सजवणारी अशी. तहरीमनं तिला खांद्यांना धरून वळवलं. नीट बघितलं.

“ताई, मेकअप माझा है. तुमचं तोंड कोण देखनेवालंय?”

आणि खुर्चीत जाऊन पडली.

चष्मा लावून, मध्येमध्ये डोळ्यात थेंब टाकत, बोटानं पापणी मिटत मम्मीनं तहरीमच्या भुवया केल्या, आणि निकाहाच्या दिवशी अख्खी तहरीम केली. कार्तिकी पिना हातात घेऊन शेजारी उभी होती. सासरच्या बायकांनी मम्मीकडं बघितलं, नाही असं नाही. एकीनं विचारलंही. मम्मीनं सरळ सांगितलं, कांजिण्यांचा विषाणू आहे, लहानपणचा, झोपला होता, उठला. कानात फोड आणि तोंड वाकडं असं कुणाला झालं तर वारं लागलं म्हणून घरी बसू नका, लगेच दाखवा. त्या बाईनं पुढचा प्रश्न विचारला, की ताई, आमच्याकडं पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, येता का.

लग्नानंतरच्या शुक्रवारी जुमागीला, म्हणजे लेक-जावयाच्या माहेरच्या जेवणाला, तहरीम गल्लीत आली. एक जुमागी झाली, दुसरी झाली, आणि पुढच्या एका शुक्रवारी ती जेवायच्या आधीच पार्लरच्या खुर्चीत येऊन पडली. शटर उघडं होतं, आरशांवरचे टॉवेल कधीच धुवायला गेले होते. मम्मी तिच्यावर वाकून उजवी भुवई करत होती आणि नव्या सासूबद्दल काहीबाही विचारत होती. भुवया करून घेणारी बाई खालून पार्लरवालीचा चेहरा जितक्या जवळून बघते, तितक्या जवळून तिचा नवराही बघत नसेल.

“ताई, थांबा,” तहरीम म्हणाली. “आत्ता केलं ते परत करा.”

मम्मीला कळेना काय केलं.

“मी सासूचं सांगितलं तवा तुम्ही भुवई चढवली. डावी पण गेली वर.”

मम्मीनं दोरा सोडला आणि आरशाकडं वळली. सगळ्या जगाचं नवल वाटल्यासारखा चेहरा केला. उजवी भुवई टुणकन वर गेली. डावी थांबली, विचारात पडल्यासारखी, आणि मग केसभर, अगदी केसभर, वर सरकली. कपाळावर एक पुसट आठी पडली. मम्मीनं परत करून बघितलं. परत पडली. कार्तिकीनं पडदा ओढून पप्पांना उठवलं, पप्पा झोपेतच आरशापाशी आले आणि मम्मीच्या कपाळाकडं असे बघत राहिले जणू तिथं काहीतरी छापून आलंय.

तहरीम तर थांबलीच नाही. अम्मीला सांगते म्हणत ती खुर्चीतून उठली आणि ओढणी सावरत गल्लीत धावली. मम्मी मागून ओरडत राहिली की अगं निदान दुसरी करून जा, आणि तिचा नवरा कोपऱ्यावर मोटारसायकलला टेकून उभा होता, तो आपल्या बायकोकडं बघतच राहिला, कारण तिची एक भुवई कोरलेली होती आणि एक तशीच.